टॅपेट फिरतो आहे का, ते आधी पाहा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : जुन्या मोटारी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि टॅपेट (त्या दांड्यावर उभा राहून त्याचा धक्का वर पोचवणारा भाग) यांच्या झिजेविषयीची आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण त्यातच पुढच्या पत्रांची अर्धी उत्तरे येऊन जातात, म्हणून ते तसेच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी १९८४ साली घेतलेली पेट्रोलवरची अ‍ॅम्बेसेडर आहे. आठ महिन्यांपूर्वी इंजिन पूर्ण उतरवून बांधून घेतले. त्या वेळी कॅमशाफ्ट घासून आणला आणि टॅपेट जुनेच, परंतु त्यांची तोंडे आरशासारखी गुळगुळीत करून बसवले. इंजिन नव्यासारखे झाले म्हणून हौसेने महागडे सिंथेटिक ५ डब्ल्यू ३० ऑइल घातले. आता पुढून चौथ्या व्हॉल्व्हचा टॅपेट सतत वाजतो. दोन महिन्यांत तीनदा सेट केला; आठ दिवस बरा राहतो आणि पुन्हा गॅप वाढते. जोतिबाचा चढ चढताना कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो आणि गाडी ओढत नाही. कंप्रेशन चारही सिलिंडरचे सारखे आले. मिस्त्री म्हणतात, गॅप थोडी कमीच ठेवू, म्हणजे आवाज बंद होईल. तसे करावे का?
वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचा शेंडा यांच्यामधली फट, कमी ठेवू नये, एवढे आधी सांगतो. आपल्या इंजिनात पुढून चौथा व्हॉल्व्ह हा दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे. हा व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकलेला असतानाच सिलिंडर हेडला देतो. गॅप कमी ठेवली, की इंजिन तापल्यावर तो पुरता टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही आणि काही दिवसांत त्याची कड जळते. आज जो आवाज येतो तो त्रासदायक असला तरी खरा आहे. तो दाबून टाकला तर टॅपेटचे दुखणे राहीलच, शिवाय हेड उघडण्याची वेळ येईल.

आता दुखण्याकडे वळू. आपल्याकडे ‘टॅपेट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ‘टॅपेट सेट केले’ म्हणताना आपण रॉकरचा स्क्रू फिरवून व्हॉल्व्हच्या शेंड्यापाशी गॅप राखतो, ‘टॅपेट वाजतात’ म्हणताना रॉकरचा आवाज ऐकतो, आणि खरा टॅपेट, ज्याला काही जण लिफ्टर म्हणतात, तो मात्र ब्लॉकच्या पोटात, कॅमशाफ्टवर उभा असतो व कोणाच्या नजरेस पडत नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनात, जे मुळात ब्रिटनच्या बीएमसी कंपनीचे बी-सीरिज इंजिन आहे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो. त्याचा लोब, म्हणजे दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा, टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या उभ्या काडीला, पुशरॉड रॉकर नावाच्या झुलत्या दांडीला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. या साखळीत सर्वांत अधिक दाब लोबचे नाक, म्हणजे त्याचे उंच टोक, आणि टॅपेटचे तोंड यांच्या मधल्या चिमुकल्या जागेवर येतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे म्हणजे १,५०० घेतो, आणि प्रत्येक लोब आपल्या टॅपेटवरून तासाभरात ९०,००० वेळा घासत जातो.

एवढे घासूनही ही जोडी लाख-लाख किलोमीटर टिकते, ती टॅपेट आपल्या जागी स्वतःभोवती सावकाश फिरत राहतो म्हणून. या पद्धतीच्या बहुतेक इंजिनांत टॅपेटचे तोंड वरवर पाहता सपाट दिसले तरी मध्यभागी किंचित फुगीर असते, आणि लोबचा माथाही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो. हे दोन्ही फरक एक-दोन थाऊंचे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातले असतात. बोटाला कळत नाहीत आणि डोळ्यालाही सहसा दिसत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे लोब टॅपेटला बरोबर मध्यावर न भेटता थोडा बाजूला भेटतो, आणि जात्याचा खुंटा मध्यापासून बाजूला असतो म्हणून जाते फिरते, तसा लोबच्या प्रत्येक धक्क्याबरोबर टॅपेट थोडा वळतो. त्यामुळे तोंडाचा एकच भाग सारखा घासला जात नाही. टॅपेट फिरायचा थांबला, की लोब त्याच्या तोंडावर एकाच रेघेवर घासू लागतो. तिथली कठीण कातडी निघाली, की मागाहून उरलेली झीज फार झपाट्याने होते.

आपल्या टॅपेटांची तोंडे आरशासारखी केली, असे आपण लिहिता, आणि नेमकी तिथेच मला शंका येते. सरफेस ग्राइंडरवर चुंबकाने धरून घासलेले तोंड सुंदर चकाकते, पण ते खरोखर सपाट होते. म्हणजे ज्या फुगीरपणामुळे टॅपेट फिरतो तोच जातो. हे काम ज्यांनी केले त्यांचा हात वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्या उद्यमनगरातल्या कित्येक कारागिरांचा हात शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर बसलेला आहे, आणि ते काम त्यांच्याइतके नेटके करणारे फार थोडे. परंतु ती इंजिने मिनिटाला ६५० किंवा १,५०० फेऱ्यांवर एका चालीने चालणारी; तिथे सपाट तोंडाचा टॅपेट बराच काळ निभावून जातो. मोटारीच्या इंजिनात घाटात रेस वाढते, सिग्नलला स्लो स्पीडवर उभे राहावे लागते, आणि तिथे जे खपले ते इथे खपत नाही.

टॅपेट फिरतो की नाही हे पाहण्याची एक रीत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. इंजिन गरम झाल्यावर बंद करा, रॉकर कव्हर काढा आणि आठही पुशरॉडांच्या वरच्या टोकापाशी नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. ते वाळल्यावर इंजिन चालू करून स्लो स्पीडपेक्षा थोड्या अधिक वेगावर ठेवा आणि ठिपक्यांकडे पाहा. पुशरॉड टॅपेटच्या खळग्यात बसलेला असल्याने टॅपेट फिरला की तोही बहुधा फिरतो. सात ठिपके सावकाश वळताना दिसले आणि चौथा जागच्या जागी वरखाली होत राहिला, तर निदान जवळजवळ झालेच म्हणून समजा. थोडे ऑइल उडेल, मडगार्डवर जुने कापड टाका.

गॅपविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण चांगले अनुभवी मिस्त्रीही त्यात फसतात. फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, आपण गॅप मोजतो ती टॅपेट लोबच्या पोटाकडच्या गोल भागावर असताना. झीज सुरू होते ती नाकावर. म्हणजे नुसते नाक झिजले, तर गेज ‘सगळे बरोबर’ सांगत राहील आणि व्हॉल्व्ह मात्र कमी उघडत राहील. आपल्या गाडीत गॅप पुन्हा पुन्हा वाढते आहे. याचा अर्थ टॅपेटचे तोंड खोलगट होऊ लागले आहे, आणि त्या अवस्थेला नाक शाबूत असण्याची शक्यता कमीच असते. त्याआधी दोन स्वस्त कारणे मात्र तपासून घ्या : रॉकरच्या टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हवर टेकतो तिथे खड्डा पडलेला असेल तर गेजची पट्टी खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खोटे माप देते, आणि रॉकरच्या स्क्रूचे लॉकनट सैल होत असेल तरी गॅप वाढते.

नाकाची झीज डायल गेजने, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, दिसते. चारही प्लग काढा, डायलचे टोक पुशरॉडच्या रेषेत, रॉकरच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकवा आणि इंजिन हँडलने किंवा टॉप गिअरमध्ये गाडी ढकलत सावकाश फिरवून पुशरॉड किती उचलला जातो ते लिहून घ्या. आठही आकडे एका कागदावर मांडा. एक्झॉस्टची तुलना एक्झॉस्टशीच करा. आपल्या इंजिनात १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट आहेत आणि २, ३, ६, ७ हे इनलेट. एखादा आकडा बाकीच्या भावंडांपेक्षा पाच थाऊंहून अधिक कमी भरला, तर तो लोब गेला असे मी धरतो. गॅप तपासताना, ज्या व्हॉल्व्हची मोजायची त्याच्या क्रमांकात मिळवून बेरीज ९ येईल तो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला हवा, हा जुना नियम आपल्या मिस्त्रींना ठाऊक असेलच. चौथ्यासाठी पाचवा दाबलेला पाहिजे.

कार्ब्युरेटरमधली फटफटही याच गोष्टीकडे बोट दाखवते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता उघडत नसल्याने दुसऱ्या सिलिंडरमधला जळलेला वायू सगळा बाहेर पडत नाही. इनलेट उघडताच तो उलटा मॅनिफोल्डमध्ये घुसतो. चढावर थ्रॉटल अधिक उघडा असतो, वायूही अधिक, म्हणून जोतिबाच्या वाटेवर आवाज वाढतो आणि सपाटीला, तावडे हॉटेलपाशी हमरस्त्यावर, तितका जाणवत नाही. या इंजिनात पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला हेडमध्ये इनलेटचे एकच भोक आहे, त्यामुळे दुसऱ्याचे दुखणे पहिल्याच्या श्वासातही मिसळते आणि गाडी दोन सिलिंडरवर चालल्यासारखी वाटते. मिस्त्री मग कार्ब्युरेटर उघडतात, पॉइंट बदलतात, प्लग बदलतात. कंप्रेशन सारखे आले याचेही नवल नाही; सेल्फवर फिरवताना वायू जळतच नाही, तेव्हा जळलेला वायू बाहेर काढण्यातली अडचण त्या परीक्षेत दिसणार कशी?

एवढ्याने खात्री झाली, तर टॅपेट बाहेर काढून पाहावेत. या इंजिनाची एक सोय फार चांगली आहे : मॅनिफोल्डच्या मागे ब्लॉकच्या कुशीला दोन झाकणे आहेत, ती काढली की रॉकर आणि पुशरॉड उतरवल्यावर टॅपेट तिथूनच बोटांनी उचलता येतात, इंजिन खाली उतरवावे लागत नाही. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यात पुशरॉड आणि टॅपेट क्रमाने ठेवा, कारण एका लोबशी घासलेला टॅपेट दुसऱ्या लोबवर गेला तर दोघांचेही वाटोळे होते. मग प्रत्येक तोंड खिडकीपाशी उजेडात तिरपे धरून पाहा. नीट फिरलेल्या टॅपेटवर मध्याभोवती एकसारखी गोल, मंद छटा दिसते. न फिरलेल्यावर आडवा पट्टा, बारीक खड्डे किंवा चक्क वाटी दिसते. दोन टॅपेटांची तोंडे एकमेकांवर टेकवून उजेडासमोर धरली, तर मूळ फुगीर तोंडांच्या जोडीत कडेने केसाएवढी फट दिसते आणि वरचा टॅपेट किंचित डुलतो. सपाट केलेली जोडी एकमेकीला चिकटून बसते. आपली जोडी चिकटेल असा माझा अंदाज आहे.

आता ऑइल. ५ डब्ल्यू ३० हे वाईट ऑइल नाही, पण ते आपल्या इंजिनासाठी केलेले नाही. इंजिन ऑइलमध्ये १९४० च्या दशकापासून जस्त आणि फॉस्फरस असलेले एक रसायन घालतात, झेडडीडीपी नावाचे. दाब आणि उष्णता एकत्र येतील तिथे ते धातूवर काचेसारखा पातळ थर धरते आणि लोखंड लोखंडाला भिडू देत नाही. सपाट टॅपेटच्या इंजिनांना याच थराचा आधार असतो. परंतु फॉस्फरस एक्झॉस्टमधून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारे उपकरण) निकामी करतो, म्हणून अमेरिकेच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या प्रमाणात, २००४ च्या एसएम वर्गापासून, ५ डब्ल्यू ३० सारख्या पातळ ऑइलांमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपुरता मर्यादित केला आहे. अशी ऑइले ज्यांच्यासाठी केली त्या नव्या गाड्यांत रोलरचे किंवा हलक्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह असल्याने त्यांचे काही बिघडत नाही. ही मर्यादा २० डब्ल्यू ५० किंवा १५ डब्ल्यू ४० या जाड ऑइलांना लागू नाही. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ पासून, तोही आधी चार महानगरांत, आला. आपल्या १९८४ च्या गाडीला तो नाही, तेव्हा फॉस्फरसची भीती बाळगण्याचे कारण नाही. साधे मिनरल २० डब्ल्यू ५० घ्या. डिझेलचे सीआय-४ वर्गाचे १५ डब्ल्यू ४० देखील चालेल. डब्याच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचा. पुढच्या बाजूला शर्यतीच्या गाडीचे चित्र आहे की नाही यावर काही अवलंबून नाही.

इलाज एकच आहे : कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट एकदम बदलणे. झिजलेल्या टॅपेटवर नवा कॅमशाफ्ट कधीच बसवू नये; नवा टॅपेट झिजलेल्या लोबवर बसवला तर तो महिन्याभरात जुना होतो. नवा कॅमशाफ्ट मिळाला नाही आणि घासून घेणेच भाग पडले, तर ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी तोंडावर विचारा : लोबचा उतार घासणार का, आणि घासल्यावर फॉस्फेटचा काळा मुलामा देणार का. पहिल्या प्रश्नाला ‘कसला उतार?’ असे उत्तर आले, तर शाफ्ट काखेत मारून परत या. कॅमशाफ्ट पुढून ओढून काढायचा असतो, त्यामुळे रेडिएटर, टायमिंग चेन, डिस्ट्रिब्युटर, चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) आणि ऑइल पंप उतरवावेच लागतात. चेंबर उतरलाच आहे तर तो आणि पंपाची जाळी धुऊन घ्या; टॅपेटमधून निघालेला लोखंडी कीस गेली दोन महिने बेअरिंगांमधून फिरतो आहे.

आणि मग ती पहिली वीस मिनिटे. इथे मी माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक इंजिन मी मन लावून बांधले, सगळे नवे घातले, आणि सेल्फ मारल्यावर इंजिनाचा आवाज इतका गोड लागला, की स्लो स्पीडवर लावून मी चहा प्यायला बसलो. चहा होईपर्यंत दोन लोब गेले होते. या इंजिनांत लोबना दाबाखाली ऑइल येत नाही; क्रँकशाफ्टने उडवलेले शिंतोडे आणि रॉकरवरून पुशरॉडच्या वाटेने खाली ओघळणारे ऑइल, एवढ्यावरच त्यांचे भागते. स्लो स्पीडला शिंतोडे कमी, ऑइलचा थर पातळ, आणि स्प्रिंगचा सगळा भार मात्र नाकावर. वेग वाढला की व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे नाकावरचा भार उलट थोडा हलका होतो. म्हणून नवी जोडी बसवल्यावर लोबच्या माथ्याला आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडावी, पंपात व्हॅसलिन भरावे, ऑइल गेजच्या नळीच्या जोडणीतून हातपंपाने ऑइल आत सारावे, कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलने भरून ठेवावी आणि टायमिंग आधीच नीट लावावे, म्हणजे सेल्फ फार वेळ मारून पेस्ट खरवडली जाणार नाही. इंजिन लागताच रेस २,००० ते २,५०० वर न्यावी आणि वीस ते तीस मिनिटे तिथेच, थोडी वरखाली करत, ठेवावी. मध्येच पाणी गळाले किंवा तापमान चढले तर रेस कमी करून पाहत बसू नये, इंजिन बंदच करावे आणि दोष काढून पुन्हा थेट त्याच रेसवर यावे. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. त्यानंतर ऑइल व फिल्टर लगेच बदला, आणि ५०० किलोमीटरला पुन्हा एकदा.

प्रश्न : मी उद्यमनगरात ग्राइंडिंगचे काम करतो. टॅपेटचे तोंड सपाट करू नये असे ऐकतो, पण फुगीर करायचे तर नेमके किती, आणि ते आपल्याकडच्या मशीनवर होते का?
एक कारागीर वाचक, कोल्हापूर

उत्तर : होते, पण सरफेस ग्राइंडरवर नाही. फुगीरपणा म्हणजे फार मोठ्या गोलाचा लहानसा तुकडा. सर्वसाधारणपणे ५० इंच, म्हणजे सुमारे १.२५ मीटर त्रिज्येचा गोल धरतात. टॅपेटचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर कडेपेक्षा मध्य जेमतेम ०.०६ मिलिमीटर उंच येतो. वाटीच्या आकाराचे ग्राइंडिंग व्हील घ्यावे, टॅपेट एका फिरत्या स्पिंडलमध्ये धरावा आणि दोन्हींच्या अक्षांत लहानसा कोन द्यावा. दोघेही फिरत असताना व्हीलची कड टॅपेटच्या मध्यावरून गेली, की तोंड आपोआप गोलाचा तुकडा होते. कोन किती हे व्हीलच्या व्यासावर ठरते; व्हीलच्या कडेची त्रिज्या भागिले गोलाची त्रिज्या, हा त्या कोनाचा साइन. १०० मिलिमीटर व्यासाच्या व्हीलला तो सव्वादोन अंशांच्या आसपास येतो. पहिला टॅपेट घासल्यावर डायल गेजखाली मध्य आणि कड यांतला फरक मोजून मगच पुढचे घ्या.

मात्र घासण्यापूर्वी टॅपेटमध्ये घासण्याजोगे काही उरले आहे का ते पाहा. कठीण थर संपला असेल तर नवी कानस कडेला धरते. चांगल्या टॅपेटवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरते. हार्डनेस टेस्टर हाताशी असेल तर रॉकवेल सी मापावर पन्नाशीच्या खाली असलेला टॅपेट गिऱ्हाईकाला परत द्या. आणि ब्लॉकमधल्या ज्या भोकात तो बसतो तिथली कीट साफ न करता टॅपेट कितीही फुगीर केला, तरी तो फिरणार नाही. कोरडा टॅपेट भोकात सोडला की स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे.

प्रश्न : माझी मारुती ८०० जुनी आहे. हेडमधून टिकटिक येते. दुकानदार झिंकची (जस्ताच्या रसायनाची) बाटली ऑइलमध्ये ओतायला सांगतो. तीन लिटरला एक की दोन?
वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एकही नाही, निदान आवाज कुठला ते कळेपर्यंत नाही. आपल्या ७९६ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि लोब थेट रॉकरच्या तोंडावर घासतो; तिथे फिरणारा टॅपेट नाही, त्यामुळे वर लिहिलेला फिरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे झीज होते ती बहुधा ऑइल न पोचल्याने. कव्हर काढल्यावर आतून काळा गाळ निघाला, तर रॉकर शाफ्टची ऑइलची भोके बुजली आहेत का ते आधी पाहा, मग गॅप लावा. लोबच्या नाकावर नखाला लागेल अशी कड आली असेल, तर कॅमशाफ्ट आणि रॉकर दोन्ही बदलावे लागतील. बाटलीने गेलेले लोखंड परत येत नाही. झिंक-फॉस्फरस प्रमाणाबाहेर वाढले तर ते धातूला उलट खाऊ लागते, आणि आपल्या गाडीला कन्व्हर्टर असेल तर त्याचाही जीव जातो.

प्रश्न : आमची पद्मिनी वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर निघते. बॅटरी राहावी म्हणून दर रविवारी पाच मिनिटे शेडमध्येच चालू करतो. हे इंजिनाला चांगले ना?
वाचक, इचलकरंजी

उत्तर : बॅटरीला थोडे चांगले असेल, कॅमशाफ्टला नाही. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, जळण्यातून निघालेली वाफ चेंबरमध्ये पाणी होऊन बसते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने वाळत नाही. ऑइल ओघळून गेलेल्या लोबवर त्या ओलाव्याने गंजाचे बारीक ठिपके पडतात. पुढच्या रविवारी स्लो स्पीडवर तेच ठिपके टॅपेटला कानशीसारखे खरवडतात. बॅटरीची एक तार सोडून ठेवा. गाडी महिन्यातून एकदाच काढा, पण काढाल तेव्हा कोल्हापूरपर्यंत नेऊन परत आणा, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी, पावसाळा संपल्यावर नव्हे, ऑइल बदला.